पानं गाडीत देऊ नका, साठवा

मातीचे प्रश्न : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

यंदा होळीच्या आधीपासूनच पानांबद्दलची पत्रं यायला लागली. इंदूरमध्ये कडुनिंब आणि पिंपळ एकाच सुमारास झडतात, त्यात आंबा, सप्तपर्णी आणि कुंपणाच्या उंच अशोकाची भर असतेच. माझी नोकरी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत झाली. निवृत्तीनंतर आमच्या कॉलनीच्या बगीच्यातलं पानांचं खत मीच बघते, म्हणून संपादकांनी ही सगळी पत्रं माझ्याकडे दिली. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलं आहे, म्हणून सगळ्यांचाच फक्त भाग लिहिते.

प्रश्न : ताई, आमच्या कॉलनीत कडुनिंब, पिंपळ, सप्तपर्णी अशी जुनी झाडं पुष्कळ आहेत. कचरागाडीवाला पानं ओल्या कप्प्यात घेत नाही, सुक्यातही घेत नाही. झाडणारा माणूस ती कोपऱ्यात लोटतो आणि पहाटे कुणीतरी काडी लावतं. सकाळी फिरायला जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना धुराने ठसका लागतो. स्वच्छतेत आपलं शहर २०१७ पासून देशात पहिलं, मग पानांचंच असं का? तक्रार करायची तर काय करायची? (एका रहिवासी संघाचे सचिव, पूर्व इंदूर)

उत्तर : सचिवसाहेब, गाडीवाल्यावर रागावू नका, तो बरोबर करतो आहे. तुमच्या घरचा ओला कचरा ट्रान्सफर स्टेशनवरून देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला हा प्लांट रोज ५५० टन ओला कचरा पचवू शकेल एवढा मोठा बांधला आहे. पण तो चालतो हवाबंद टाक्यांमध्ये, आणि तिथले जिवाणू भाजीची देठं, सालं, उरलेलं अन्न खातात. झाडाच्या पानात जे लिग्निन असतं, म्हणजे ज्याने पानाच्या शिरा कडक राहतात ते, हवा नसताना जवळजवळ कुजतच नाही. अशी पानं टाकीत गेली तर गॅस तर देत नाहीतच, वर तरंगून साय धरतात आणि पंप तुंबवतात. सुक्या कचऱ्याचा पट्टा आहे कागद, पुठ्ठा, प्लास्टिक निवडण्यासाठी. तिथे पानांना कुणी विचारत नाही. म्हणजे ओल्या-सुक्याच्या शिस्तीत पान कुठेच बसत नाही, आणि जे कुठेच बसत नाही ते कोपऱ्यात जातं.

शहराने हिरव्या कचऱ्याचा वेगळा विचार केलाच नाही असं नाही. इंदूरमध्ये फांद्या, लाकूड, पानं, फुलं मिळून रोज साधारण ३० टन हिरवा कचरा निघतो आणि पानगळीत तो ६० ते ७० टनांवर जातो, असा सरकारी आकडा आहे. त्यासाठी २०२५ मध्ये बिचोली हप्सीला खासगी भागीदारीतला प्रकल्प जाहीर झाला. तिथे लाकूड-फांद्या वाळवून त्यांचा भुसा आणि कोळशाऐवजी जाळायच्या कांड्या करायच्या. मोठ्या फांद्यांना हा रस्ता चांगला आहे. घरातलं झाड छाटलं तर फांद्या तिकडेच जाऊ द्या.

पानाची गोष्ट वेगळी. ट्रॉली काठोकाठ भरून पानं नेली तरी वजन थोडंच भरतं, डिझेल मात्र भरलेल्या ट्रॉलीचं लागतं. आणि हे सगळं ओझं महिना-दीड महिन्यात येतं, त्यासाठी वर्षभर जास्तीच्या गाड्या आणि माणसं कोण ठेवणार? म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की पान जिथे पडलं तिथेच राहिलं पाहिजे. हे काही माझ्या मनचं नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतच लिहिलं होतं की बगीच्यांचा आणि झाडांचा कचरा स्थानिक संस्थेने वेगळा गोळा करावा आणि शक्य तितका त्याच बगीच्यात जिरवावा. घरमालकानेही तो आपल्या आवारात वेगळा ठेवावा, असं त्याच नियमांत होतं. जाळण्याबद्दल तर राष्ट्रीय हरित लवादाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आहे. उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड, आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००.

आता तक्रारीबद्दल. महापालिकेच्या ३११ या तक्रारींच्या अ‍ॅपवर फोटो टाकून 'पानं उचला' असं लिहिलं तर एक ढीग उचलला जाईल आणि आठवड्याने दुसरा तयार होईल. त्याऐवजी पार्षदांना, म्हणजे नगरसेवकांना, आणि झोन ऑफिसला संघाच्या लेटरहेडवर एकच मागणी लिहून द्या : कॉलनीच्या बगीच्यातला साधारण दहा बाय वीस फुटांचा कोपरा पानांसाठी आखून द्यावा. जो माणूस झाडतो तो पानं का जाळतो, हे एकदा त्याच्याजवळ उभं राहून बघा. दरोगा, म्हणजे सफाईवर देखरेख करणारा, फेरीवर यायच्या आत रस्ता स्वच्छ दिसला पाहिजे आणि ढीग ठेवायला त्याला जागा नाही. त्याला जागा द्या, निम्म्याहून जास्त आगी तिथेच बंद होतील.

झाडण्याची पद्धतही बदलून घ्या. तुमच्या कोपऱ्यातला ढीग उघडून पाहिलात तर त्यात गुटख्याच्या पुड्या, चहाचे कागदी कप, बारीक खडी आणि रस्त्याची काळी धूळ पानांइतकीच निघेल. असा ढीग कुणीही निवडू शकत नाही. आधी खराट्याने वरवर नुसती पानं ओढून पोत्यात भरायची आणि मग धूळ झाडायची. धूळ आणि पुड्या गाडीत, पोतं बगीच्यात. झाडणाऱ्याला यात वेळ थोडा जास्त लागतो, तेव्हा त्या दीड महिन्यापुरते संघाने त्याला वरचे पैसे द्यावेत.

आणि ही पानं लगेच कुजवायची घाई करू नका. वैशाखात आपण वर्षाचे गहू भरून ठेवतो ना, तशी फाल्गुनात वर्षाची पानं भरून ठेवायची. कारण ओल्या कचऱ्याचं खत करणाऱ्या प्रत्येक घराला आणि अपार्टमेंटला बाराही महिने सुकी पानं लागतात, आणि श्रावणात ती कुठे मिळत नाहीत. मग लोक पैसे देऊन कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणतात. चार फूट उंच वेल्डमेश जाळीचा गोल पिंजरा करा, पानं आत दाबून भरा, वर जुनी ताडपत्री टाका. पिंजरा भिंतीपासून, विजेच्या डीपीपासून आणि जिथे लोक बिडी ओढत बसतात त्या बाकापासून लांब असू द्या. नळाचा पाइप तिथपर्यंत पोचतो ना, हे आधी बघा. साठवलेल्या सुक्या पानांना एकच मोठा धोका आहे, आगीचा.

प्रश्न : काकू, आमच्या अपार्टमेंटमध्ये विटांचा हौद बांधून गेल्या फाल्गुनात पानं भरली. वर्ष झालं, पानं पानंच आहेत. खालून मुंग्या निघतात. एक जण म्हणतो कल्चर कमी पडलं, दुसरा म्हणतो गूळ आणि ताक शिंपडा. आता मीटिंगमध्ये हौद पाडून स्कूटर पार्किंग करायचं ठरतं आहे. पिशवीत नमुना पाठवते आहे, कृपया बघा. (एक गृहिणी, राजेंद्रनगर)

उत्तर : पिशवी पोचली. हौद पाडू देऊ नका, तो चांगला आहे.

नमुना वर्तमानपत्रावर पसरून पाहिला. बहुतेक पानं आंब्याची आणि अशोकाची, अख्खी, देठासकट. मुठीत दाबली की कुरकुरतात. रंग तपकिरी झाला आहे पण शिरा जशाच्या तशा, आणि वरची मेणासारखी चकाकीही अजून गेलेली नाही. मात्र एका जागी सात-आठ पानं एकमेकांना चिकटून गोळा झाली होती. तो गोळा सोडवला तर आत केळ्याच्या सालाचा काळा तुकडा, त्याच्याभोवती पांढऱ्या बुरशीचे तंतू, आणि त्या तंतूंखालची पानं अगदी मऊ, बोटाने चोळली की मोडणारी. तुमच्या हौदाचं निदान त्या एका गोळ्यात आहे. जिथे ओलावा होता आणि खायला नत्र (नायट्रोजन) होतं, तिथे पान कुजलं. बाकी हौदात दोन्ही नव्हतं.

पान कुजवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला कर्ब (कार्बन) लागतो आणि नत्र लागतं. सुक्या पानात कर्ब भरपूर, नत्र फार थोडं. पन्नास-साठ भाग कर्बाला एक भाग नत्र असं प्रमाण असतं, काही पानांत याहूनही वाईट. ढीग नीट चालायला ते तीसाला एकच्या जवळपास लागतं. शेणात आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात ते पंधरा ते पंचविसाला एक असतं, म्हणून त्यांची आणि पानांची जोडी जमते. नुसती पानं भरली की जिवाणू उपाशी राहतात. मुंग्यांचं म्हणाल तर त्या कोरड्या जागीच घर करतात. हौद भिजवलात की आपणहून जातील, पावडर टाकू नका.

कल्चरचं, म्हणजे विकतच्या जिवाणूंचं, पाकीट वाया गेलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका, पण पुन्हा आणूही नका. जिवाणू पानावर, मातीत, शेणात सगळीकडे असतात, त्यांना पाणी आणि नत्र नसेल तर पाकिटातलेही मरतात. गुळातून साखर मिळते, नत्र नाही. ताकाने विशेष फरक पडत नाही. ते प्या.

आता करायचं काय ते सांगते. हौद पूर्ण रिकामा करा. पानं मोडली पाहिजेत, हे आंबा आणि अशोकाच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे, कारण त्यांच्यावरचा मेणाचा थर पाणी आत जाऊ देत नाही. पार्किंगमध्ये ताडपत्रीवर पानं पसरा आणि दोन दिवस गाड्या त्यावरून जाऊ द्या. ही युक्ती इंदूरमध्येच शंभर वर्षं जुनी आहे, पुढच्या उत्तरात ती येईलच. मग पानं ड्रममध्ये किंवा पोत्यातच रात्रभर भिजवा. नुसतं वरून पाणी मारलं तर ते खाली निथळून जातं, पान कोरडंच राहतं.

हौदाच्या तळाला काड्या-फांद्यांचा थर द्या, म्हणजे खालून हवा खेळेल. त्यावर भिजलेली पानं वीतभर, त्यावर शेणकाला किंवा घरांतला ओला कचरा चार बोटं, त्यावर दोन मुठी माती किंवा जुनं खत. पुन्हा पानं. सोपं माप हवं असेल तर ओल्या कचऱ्याच्या एका बादलीला पानांच्या दोन ते तीन बादल्या धरा. शेण मिळत नसेल आणि अपार्टमेंटचे लोक ओला कचरा द्यायला तयार नसतील, तर शंभर किलो सुक्या पानांना साधारण दीड किलो युरिया पाण्यात विरघळवून थराथरावर शिंपडा. सेंद्रियवाले वाचक मला पत्रं लिहितील, लिहू देत. जी पानं नाहीतर जाळली जाणार आहेत, त्यांना दीड किलो युरिया देण्यात मला काहीच गैर वाटत नाही.

ओलाव्याची परीक्षा हाताने करा. मधली मूठभर पानं घट्ट पिळा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब निघाला तर बरोबर, धार लागली तर जास्त, काहीच नाही तर पाणी घाला. दुसरी परीक्षा लोखंडी सळईची. सळई ढिगाच्या पोटात खुपसून ठेवा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाहेर काढून धरली तर हाताला चटका बसला पाहिजे. ढिगाच्या आत ५५ ते ६५ अंश उष्णता आली की किडे आणि तणांचं बी दोन्ही मरतं. हौद लांबी-रुंदी-उंचीला तीन-तीन फुटांहून लहान असेल तर ही उष्णता टिकत नाही. तुमचा मोठा आहे, ती काळजी नाही. आपल्या माळव्याचा उन्हाळा मात्र विसरू नका. चैत्र-वैशाखाची कोरडी हवा हौदातलं पाणी बघता बघता ओढून घेते, तेव्हा वर ओलं पोतं हवंच. दर पंधरा दिवसांनी खालवर करा. तीन ते चार महिन्यांत चाळण्याजोगं खत मिळेल.

मीटिंगमध्ये हे सगळं बोलू नका, कुणी ऐकणार नाही. हौदाच्या एका बाजूला पावसाळ्याआधी एवढं करून दाखवा आणि ते खत त्याच सदस्यांच्या कुंड्यांत घाला.

प्रश्न : आमच्या कॉलनीच्या बगीच्यात ठेकेदाराने पानांसाठी दोन खोल खड्डे केले होते. आषाढात त्यांत पाणी भरलं, इतका वास सुटला की समोरच्या लोकांनी माती टाकून बुजवून टाकले. आता कुणी कंपोस्टचं नाव काढू देत नाही. खड्डा करूच नये का? (महूचे एक निवृत्त वाचक)

उत्तर : काका, खड्डा कुठे आणि कधी, हा प्रश्न आहे. आपली काळी माती पहिल्या पावसात फुगते आणि मग तिच्यातून पाणी खाली उतरत नाही. काळ्या मातीतला खोल खड्डा म्हणजे आषाढातली टाकी. पाण्याखाली हवा नसते, हवा नसली की गंधकाचा कुजका वास येतो. शेजाऱ्यांचा काही दोष नाही.

आणि याचं उत्तर आपल्याच शहरात शोधलं गेलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. १९२४ मध्ये इंदूरला होळकर राज्याच्या जमिनीवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली, आजचं कृषी महाविद्यालय तिथलंच. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड तिचे प्रमुख होते आणि रसायनाचं काम यशवंत वाड बघत. दोघांनी मिळून शेतातल्या काडीकचऱ्यापासून खत करण्याची रीत बसवली आणि १९३१ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. जगभर तिला 'इंदूर पद्धत' म्हणतात. १९३५ मध्ये गांधीजी इंदूरला आले तेव्हा ही पद्धत बघायला मुद्दाम तिथे गेले होते. परदेशातल्या बागकामाच्या पुस्तकांत आपल्या गावाचं नाव या खतामुळे आहे, आणि आपल्याच कॉलन्यांत पानं जळतात, याचं मला मनापासून दुःख होतं. वाडांचं नाव तर इथल्या मराठी घरांतही कुणाला ठाऊक नसतं. मुलांना सांगा.

त्यांचा खड्डा तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि फक्त दोन फूट खोल असे. बाजू उतरत्या. फक्त दोन फूट, हे लक्षात ठेवा, कारण त्याहून खोल गेलं की तळाशी हवा पोचत नाही. काडीकचरा एकाच जातीचा नको, नेहमी मिश्र. त्यावर शेणाचा पातळ थर, त्यावर गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि लाकडाची राख. कपाशीच्या पऱ्हाट्या कडक असतात म्हणून त्या रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चुरून घेत. राजेंद्रनगरच्या बाईंना गाड्या फिरवायला सांगितलं ते इथूनच. पहिली खालवर साधारण सोळाव्या दिवशी, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी, आणि तीन महिन्यांत खत तयार.

पावसाळ्यात ते खड्डा वापरतच नसत. जमिनीवर ढीग रचत. खाली आठ बाय आठ फूट, वर सात बाय सात, उंची दोन फूट. पाणी बाजूने निघून जातं, हवा चारी बाजूंनी लागते. तुमच्या कॉलनीला हेच करायचं आहे. होळी ते ज्येष्ठ दोन फुटांचा उथळ खड्डा, मृगाच्या आधी सगळं वर काढून उंचवट्यावर ढीग, भोवती चर.

कॉलनीत शेण कमी असेल तर नाडेप टाकं बांधा. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ते काढलं, त्यांच्या नावाची आद्याक्षरंच त्याला मिळाली. जमिनीवर दहा बाय सहा बाय तीन फुटांचं विटांचं टाकं, भिंतींत हवेसाठी भोकं. एका भरावाला चौदाशे-पंधराशे किलो काडीकचरा आणि शेण फक्त नव्वद ते शंभर किलो, बाकी चाळलेली माती आणि पाणी. म्हणजे पंधरा भाग पानांना एक भाग शेण. हे प्रमाण शहरालाच सोयीचं आहे. वर शेणमातीने लिंपतात त्यामुळे वास येत नाही आणि उंदीर-कुत्री उकरत नाहीत. वेळ तीन-चार महिने लागतो. समोरच्या घरांची समजूत या लिंपणाने पटेल असं मला वाटतं. तरीही टाकं त्यांच्या खिडक्यांच्या रेषेत बांधू नका.

प्रश्न : एका दुकानातून 'शहरी कंपोस्ट' म्हणून पोतं आणलं. गच्चीवरच्या मेथीला घातलं. त्यात काचेचे बारीक तुकडे आणि प्लास्टिकचे धागे निघाले. मेथी खावी का? (सुदामानगरच्या एक वाचक)

उत्तर : ही मेथी खाऊ नका. पालेभाजी मातीला टेकून वाढते आणि काचेचा कण धुऊन निघेलच याची खात्री नाही. कुंडीतली वरची माती काढून फुलझाडाच्या किंवा कडीपत्त्याच्या कुंडीत टाका, हातमोजे घालून.

खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये शहरी कंपोस्टचे निकष दिलेले आहेत. चार मिलिमीटरच्या चाळणीतून निदान नव्वद टक्के खाली पडलं पाहिजे, कर्ब-नत्र प्रमाण विसाच्या आत हवं, शिसं किलोला शंभर मिलिग्रॅमच्या वर नको. पोत्यावर हे छापलेलं नसेल तर पोतं बिलासकट परत करा. आणि रस्त्यावरून झाडलेल्या पानांचं खत असेल तर, ते कितीही काळं आणि सुंदर दिसो, झाडांच्या आळ्यात घाला. भाजीला बगीच्यातल्या किंवा घरच्या झाडाच्या पानांचंच वापरा.

प्रश्न : कडुनिंबाच्या पानांनी गांडुळं मरतात का? (एक विद्यार्थी, देवास)

उत्तर : ताजी हिरवी पानं भरपूर टाकलीस तर गांडुळं त्या बाजूला फिरकणार नाहीत. बहुतेक वेळा गांडुळं मरतात ती ढिगाच्या उष्णतेने. कुठलीही पानं आधी महिनाभर कुजवून थंड होऊ दे, मग गांडुळं सोड. झडलेली निंबाची पानं बारीक असतात, आंब्यापेक्षा खूप लवकर कुजतात. निलगिरीची मात्र वेगळी ठेव, तेलामुळे ती मागे राहतात.

प्रश्न : आमचा संघ पानं बारीक करायचं मशीन घेणार आहे. कोणतं घ्यावं? (एक खजिनदार, इंदूर)

उत्तर : आधी एक पानगळ मशीनशिवाय काढा. पिंजरा, भिजवणं, गाड्यांखाली चुरणं एवढ्याने बगीच्यातली बहुतेक पानं मार्गी लागतात, आणि मग मशीन कशासाठी हवं आहे ते तुम्हालाच कळेल. पानांसाठी आणि फांद्यांसाठी पाती वेगळी लागतात. दुकानदार दोन्ही होईल म्हणतो. तुमची स्वतःची दोन पोती घेऊन जा आणि त्याच्यासमोर चालवून बघा, एक सुक्या निंबाचं, एक आंब्याचं देठासकट. ओली पानं कुठल्याच लहान मशीनमध्ये जात नाहीत, पाती गुंडाळतात. शेजारच्या दोन-तीन कॉलन्यांनी मिळून घेतलं तर जास्त बरं, कारण दहा महिने ते नुसतं उभं राहणार आहे.

खजिनदार आहात म्हणून एक हिशेबाची गोष्ट. मशीनसाठी लोक एकदा वर्गणी देतात, फोटो निघतो, आणि पुढच्या वर्षी ते गंजलेलं दिसतं. पानांच्या खताचा खरा खर्च माणसाचा आहे. पानं वेगळी झाडणारा, भिजवणारा, पंधरा दिवसांनी खालवर करणारा. माळ्याला 'जमेल तसं कर' सांगून हे होत नाही. त्याच्या पगारात या कामाची वेगळी रक्कम धरा, मशीनचा डबा उघडायच्या आधी मेन स्विच बंद करायचा हे त्याला स्वतः शिकवा, चश्मा आणि हातमोजे संघाने आणून द्या, आणि किल्ली त्याच्या एकट्याकडे असू द्या. बजेटमध्ये मशीन आणि माळी यांपैकी एकच बसत असेल तर माळी ठेवा.